परागला भरवशाचं पिस्तूल हवं होतं

किस्से मी मुद्दाम जमवत नाही. माझं जर्मन बरं आहे, एवढाच माझा गुन्हा! नेकारसुल्ममधल्या आमच्या मराठी ग्रुपात कुणाला सरकारी पत्र आलं, कुणाचा घरमालक चिडला, कुणाला ऑफिसात जाऊन सही करायची असली, की फोन माझ्याकडे येतो. "वर्षाताई, दोन मिनिटं आहेत का?" या दोन मिनिटांमध्ये माझी सोळा वर्षं गेली. आणि प्रत्येक दोन मिनिटांतून एक तरी किस्सा घरी येतोच. पण एकट्या परागने जेवढे दिले, तेवढे बाकी सगळ्या ग्रुपने मिळून दिले नसतील.

पराग म्हणजे आमच्याच कारखान्यात इंजिन टेस्टिंगला असलेला, मूळचा कराडचा, सरळ स्वभावाचा माणूस. बायको मृणाल, नऊ वर्षांची मुलगी ईरा, रांगेतलं छोटं घर, मागे हातभर बाग. त्याला आयुष्यात कधी डास मारतानाही मी पाहिलेलं नाही, तो हाताने हुसकावतो. अशा माणसाला एके दिवशी पिस्तूल घ्यावंसं वाटलं, आणि त्याची दुभाषी मी!

* * *

सुरुवात चोरीपासून झाली. नोव्हेंबरातली संध्याकाळ, पाच वाजताच मिट्ट अंधार. चोरांनी बागेकडचं दार उचकटलं आणि घर उलथंपालथं केलं.

मला फोन आला, मी दहा मिनिटांत पोचले. स्वयंपाकघरात फरशीभर पीठ! चोरांनी एकूण एक डबा ओतून बघितला होता. दोन पोलीस आले होते. त्यातला जो तरुण होता, तो हातमोजे घालून खाली वाकला, चिमूटभर पीठ उचललं, हुंगलं आणि गंभीर झाला.

"हे काय आहे?"

"भाजणी," पराग म्हणाला. मी म्हटलं, "भाजलेल्या धान्यांचं पीठ."

"स्वतः तयार केलंय?"

"नाही, भारतातून येताना आणलं."

दोघा पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. "आठवड्यातून किती वेळा घेता?"

"दोनदा," पराग म्हणाला. "पण पाहुणे आले तर जास्त."

पोलिसाने ते पीठ पिशवीत भरायला घेतलं! मी त्याला थालीपीठ म्हणजे काय हे तव्यापासून समजावून सांगितलं, तेव्हा कुठे त्याने पिशवी उलटी केली.

मृणाल मात्र ओट्याला टेकून त्या पिठाकडे बघत होती. मी जवळ गेल्यावर हळूच म्हणाली, "वर्षाताई, आईच्या पाटल्या भाजणीच्याच डब्यात होत्या हो. तिथे कोण बघणार, म्हणून ठेवल्या होत्या."

* * *

इथे पोलिसांचा एक सल्लागार फुकट घरी येऊन घर सुरक्षित कसं करायचं ते सांगतो. सांगायला नकोच, मीही गेले.

पांढऱ्या मिशांचे एक शांत गृहस्थ आले. त्यांनी सगळ्या खिडक्या तपासल्या, दारांच्या फटीत बोट घालून पाहिलं. परागला धीर नव्हता. मला म्हणाला, "ताई, त्यांना विचारा, घरासाठी सगळ्यात भरवशाचं काय?" पिस्तूल हा शब्द त्याने मनातच ठेवला. मला काय कल्पना! मी विचारलं.

गृहस्थ क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "पिल्झकोप्फ!"

"म्हणजे?" परागने डोळे मोठे केले. वहीत लिहूनही घेतलं. त्याला वाटलं कंपनीचं नाव.

"मश्रूमचं डोकं," मी म्हटलं.

"काय?"

"अरे, मश्रूमचं डोकं. खिडकीच्या कडीला मश्रूमच्या आकाराची खुंटी असते, ती चौकटीत अडकते. मग खिडकी उचकटता येत नाही."

परागचा चेहरा पडला. "ताई, मी पिस्तुलाचं विचारतोय आणि हे मला मश्रूम सांगतायत!"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की याच्या डोक्यात पिस्तूल आहे. मी ते भाषांतर केलं नाही. पण पिस्तूल हा शब्द मराठीतही पिस्तूल आणि जर्मनमध्येही जवळपास पिस्तूलच! गृहस्थांनी मिशांवरून हात फिरवला, आपली बॅग बंद केली आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, आधी मश्रूम."

* * *

पुढच्या रविवारी आम्ही सगळे परागकडे पोहे खायला जमलो. पोहे आले, पाठोपाठ लॅपटॉप आला आणि टीव्हीवर एक्सेल शीट उघडली.

बेचाळीस ओळी! डावीकडे निकष, वर पिस्तुलांची मॉडेलं, प्रत्येक चौकोनात मार्क. मृणालचा धाकटा भाऊ केदार आखनला पीएचडी करतो, तो खास त्यासाठी ट्रेनने आला होता. येताना निकषांना वजनं कशी द्यायची याचं गणित घेऊन आला.

"दाजी, माझं मत रिव्हॉल्व्हर," केदार म्हणाला. "सुटे भाग कमी. गोळी नाही उडाली, तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी येते."

"पण गोळ्या सहाच," माझा नवरा हेमंत म्हणाला. हेमंत क्वालिटीत आहे, घरातल्या मिक्सरचीही तो आधी बिघाड-यादी बनवतो. "सातवा चोर आला तर?"

"सात चोर कशाला येतील?"

"वर्स्ट केस धरायला नको?"

तासभर हे चाललं. गोळी अडकली तर, थंडीत गोठलं तर, हाताला घाम आला तर. पाच इंजिनिअर, आणि एकानेही आयुष्यात खरं पिस्तूल हातात धरलेलं नव्हतं! केदारने एनसीसीत एकदा रायफल धरली होती, पण तेव्हा फोटो काढायचा होता.

मी वैतागून पोहे संपवले. मृणाल चहा घेऊन आली आणि टीव्हीसमोर थांबली. सतरावी ओळ तिने मोठ्याने वाचली. "'बायकोला चालवता येईल का?'"

"हो, म्हणजे, मी घरी नसलो तर," पराग म्हणाला.

"ते कळलं," मृणाल म्हणाली. "कुणावर, त्याचा कॉलम दिसत नाही."

* * *

शीटमध्ये जे पहिलं आलं, ते घ्यायला पराग मला हाइलब्रोनच्या शस्त्रांच्या दुकानात घेऊन गेला. मी नको नको म्हणत होते. "ताई, फक्त बघून येऊ," म्हणे. पार्किंगमध्ये म्हणतो कसा, "कार्ड चालत असेल ना यांच्याकडे?"

दुकानदार गृहस्थ अतिशय अदबीने बोलणारे होते. परागने मॉडेलचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम निवड. तुमचा शस्त्र-परवाना दाखवता?"

परागने इथे कायमचं राहायचं कार्ड दाखवलं. ते नाही चाललं. ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं. मग आरोग्य विम्याचं कार्ड काढायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

"आल्झो, त्याचं असं आहे," दुकानदार म्हणाले, "परवान्यासाठी तुमचं बेड्युर्फनिस सिद्ध व्हावं लागतं. तुमची गरज. तुम्ही शिकारी आहात?"

"नाही."

"नेमबाजीच्या क्लबात आहात?"

"नाही."

"मग तुमची गरज काय?"

"चोर!" पराग म्हणाला. "घरात चोर आला होता!"

दुकानदारांनी सहानुभूतीने मान हलवली. "वाईट झालं. पण कायद्याच्या दृष्टीने चोर ही गरज नाही."

परागने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू कायदा मीच केलाय. दुकानदारांना दया आली असावी. त्यांनी एक नकली पिस्तूल काढलं. दिसायला हुबेहूब, पण त्यातून गोळी सुटत नाही, नुसता बार उडतो. ते विकत घेऊन घरात ठेवायला परवाना लागत नाही.

"म्हणजे फक्त आवाज?" परागने विचारलं.

"या, या, गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. "फक्त आवाज. पण चोर घाबरतो."

परागने ते हातात घेतलं, वजन पाहिलं आणि परत ठेवलं. मला मराठीत म्हणाला, "आवाजच काढायचा तर अप्पा आहेत घरी."

अप्पा म्हणजे परागचे वडील. चोरी झाल्याचं कळल्यावर ते तीन महिन्यांसाठी कराडहून आले होते. कराडच्या शाळेत पी. टी.चे मास्तर होते. घशात अजून मैदान आहे!

* * *

पिस्तूल मिळालं नाही, म्हणून पराग त्या दुकानातून तिखटाचा फवारा घेऊन आला. डब्यावर कुत्र्याचं चित्र. कारण नियमाप्रमाणे तो माणसांसाठी नाहीच, अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी आहे. डबा त्याने घरी नेऊन ठेवला असता तर किस्सा झाला नसता. पण हा पडला टेस्ट इंजिनिअर!

"ताई, न तपासता भरवसा कसा ठेवायचा?" हे त्याने मला नंतर विचारलं.

त्याने बाथरूम निवडली. पंखा लावला. दार फटीपुरतं उघडं ठेवलं, स्वतः बाहेर उभा राहिला, फटीतून हात आत घातला आणि एकच छोटासा फवारा मारला. पंखा हवा बाहेर टाकतो, हे त्याने गृहीत धरलं होतं. पंखा तीन आठवड्यांपासून बंद पडलेला होता, हे मृणालने त्याला चार वेळा सांगितलं होतं.

शनिवार होता. मी पुस्तक परत द्यायला गेले, तर सगळं कुटुंब बागेत! फेब्रुवारीची थंडी, पायात स्लिपर, डोळ्यांतून धारा. ईरा खोकतेय, मृणाल नवऱ्याकडे बघतेय, पण डोळे उघडत नसल्यामुळे त्या बघण्याचा काही उपयोग होत नाहीये. अप्पा शिंका आवरत विचारत होते, "अरे, फोडणीत नेमकं काय टाकलंस?"

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, डोकावल्या. पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहतात, गुलाबांवर जीव. त्यांनी हवा हुंगली, शिंकल्या, डोळे पुसले आणि प्रेमाने म्हणाल्या, "फ्राऊ मृणाल, आज काहीतरी खास झणझणीत दिसतंय! मला रेसिपी द्याल ना?"

* * *

आता हा पुढचा किस्सा मी ग्रुपात फारसा सांगत नाही. पण सांगायला हवा.

मार्चमध्ये ईराच्या शाळेतून निरोप आला. आई-वडिलांनी भेटायला यावं. परागने मला सोबत नेलं, कारण निरोपात 'पिस्तूल' हा शब्द होता.

बाईंनी आमच्यासमोर एक चित्र ठेवलं. वर्गात विषय दिला होता, 'मला सुरक्षित कधी वाटतं'. ईराने घर काढलं होतं, आणि दारात बाबा. बाबांच्या हातात भलंमोठं काळं पिस्तूल, त्यावर फुली मारलेली.

बाईंनी विचारलं, घरात शस्त्र आहे का? परागने नियम सांगायला सुरुवात केली. घरी काही नाही, परवाना नाही, सगळं कायद्याने करणार आहे, मुलीच्या सुरक्षिततेसाठीच करतोय. मी भाषांतर करत होते आणि मनात चरफडत होते.

मग त्याने ईरालाच विचारलं, "सांग ना बाळा, चोराची भीती वाटते ना तुला?"

ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. ती बुटांकडे बघत म्हणाली, "बाबांनी फक्त फोन उचलावा."

याचा अर्थ परागला लगेच कळला, मला त्याने नंतर सांगितला. चोरीच्या दिवशी सगळ्यात आधी घरी पोचली होती ती ईरा. किल्लीने दार उघडलं, तर आतल्या वस्तू बाहेर, बागेकडचं दार सताड उघडं. ती पळत बाहेर आली आणि कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर जाऊन बसली. तिथून तिने बाबांना सात वेळा फोन केला. पराग मीटिंगमध्ये होता. फोन सायलेंटवर.

परतताना पराग गाडी चालवत नव्हता, मी चालवत होते. वाटेत म्हणाला, "ताई, मी घरी असतो तरी काय केलं असतं, माहितीये? काहीच नाही. पण तिचा फोन तरी उचलायला हवा होता."

तेव्हापासून त्याच्या फोनची घंटा पूर्ण आवाजात असते. डिपार्टमेंटच्या मोठ्या साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्येही वाजते, आणि पराग उभा राहून "हां बाळा, बोल" म्हणतो.

* * *

मला वाटलं, संपलं एकदाचं. दुसऱ्या सोमवारी पराग कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर ट्रे ठेवत म्हणाला, "फोन तर उचलेनच. पण मी नेमबाजीच्या क्लबात नाव घातलंय."

मी चमचा खाली ठेवला.

वर्षभर नियमाने सराव केला, परीक्षा दिली, तर खेळाडू म्हणून परवाना मिळू शकतो, असं त्याने शोधून काढलं होतं. पहिल्या दिवशी गेला, तर क्लबच्या अध्यक्षांनी त्याच्या हातात चिमटा दिला. क्लबचा मेळावा होता, नव्या सभासदाने सॉसेज भाजायचे. परागच्या घरात अंडंही शिजत नाही! चार तास तो नाक बाजूला करून सॉसेज भाजत उभा. पुढच्या आठवड्यात फावडं मिळालं, अंगणातलं शेवाळ काढायला. मग केक आणायची पाळी. मृणालने रव्याचा केक करून दिला, तो एवढा आवडला की पुढचे तीनही केक तिच्याकडेच आले. मेपर्यंत परागने धरलेलं सगळ्यात घातक शस्त्र म्हणजे तो चिमटा!

शेवटी एकदाचा सराव सुरू झाला. आत शिरला, तर भिंतीवर ओळीने फोटो. गळ्यात चांदीची साखळी, छातीवर पदकं, 'क्लबची नेमबाज राणी', तीन वेगवेगळ्या वर्षांची. तिन्ही फोटोंत एकच बाई. फ्राऊ केलर!

त्या स्वतःच पुढच्या ओळीत कानांवर मोठे हेडफोन लावून उभ्या होत्या. चाळीस वर्षं त्या नेमबाजी करतात. घरी तिजोरीत तीन पिस्तुलं. परागच्या भिंतीपलीकडे!

त्याने अधीरपणे विचारलं, "मग तुमच्याकडे चोर आला तर तुम्ही काय कराल?"

"बेडरूमचं दार आतून लावीन आणि एकशे दहाला फोन करून पोलिसांना बोलावीन."

"आणि पिस्तूल?"

फ्राऊ केलरना प्रश्नच समजेना. "पिस्तूल खेळाचं आहे, मिस्टर पराग. चोर काय क्लबचा मेंबर आहे?"

* * *

वर्ष सरलं. परागने परीक्षा दिली, पास झाला, अर्ज केला. मग एक दिवस तो पत्र नाचवतच माझ्या दारात आला.

"ताई! काय देश आहे बघा! मी पिस्तूल निवडायला तीन महिने घालवले, आणि इथे सरकार स्वतः तपासून देतंय!"

पत्राच्या मथळ्यात भलामोठा शब्द होता, त्सुफरलेसिगकाइट. म्हणजे भरवसा. विश्वासार्हता. परागला तो शब्द नीट ठाऊक होता, कारण त्याच्या एक्सेलमध्ये तो पहिल्या ओळीत होता.

मी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. "पराग, बस."

"का?"

"पिस्तुलाची नाही तपासणार. तुझी तपासणार."

"माझी?"

"तू भरवशाचा आहेस का, हे बघणार आहेत. पोलिसांकडे काही नोंद आहे का, दारू पिऊन गाडी चालवलीस का, डोकं ठिकाणावर आहे का."

तो खुर्चीत बसला. मग अपमान झाल्यासारखा म्हणाला, "पण हे ठरवायला त्यांना किती वेळ लागणार?"

"काही आठवडे, असं लिहिलंय."

मृणाल त्याच्या मागोमाग आली होती, दारात उभी होती. म्हणाली, "मला विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं!"

* * *

परवान्याआधी तिजोरी हवी. साधी नाही, प्रमाणित, जाड पोलादाची. ट्रकवाल्याने ती फुटपाथवर ठेवली आणि निघून गेला. आम्ही चौघांनी ती वरच्या मजल्यावर कशी चढवली, तो वेगळा किस्सा आहे. हेमंतची कंबर अजून सांगते.

पिस्तूल यायचं होतं, तिजोरी रिकामी. पण परागला रंगीत तालीम घ्यायची होती. एका दुपारी आम्हाला बोलावलं. मृणाल चोर झाली. केदारकडे स्टॉपवॉच.

"चोर आला!" केदार ओरडला.

पराग सोफ्यावरून उठला, जिना चढला. तिजोरीला आकड्यांचं कुलूप. चष्मा खाली राहिला. खाली आला, चष्मा घेतला, वर गेला. आकडे चुकले. तिजोरीने टूं केलं. पुन्हा चुकले, पुन्हा टूं. तिसऱ्यांदा चुकल्यावर तिजोरीने ठरवलं, की हाच चोर! आणि काही मिनिटं ती काहीच ऐकेना. परागने जिन्यावरून ओरडून मृणालला आकडे विचारले. खरं म्हणजे नियमाप्रमाणे ते तिला माहीत असायला नकोत.

"आपल्या लग्नाची तारीख!" मृणाल खालून म्हणाली.

वर येरझाऱ्यांचा आवाज सुरू झाला.

"साल सांगू का?" मृणालने विचारलं.

पराग एकदाचा केळं हातात घेऊन खाली आला, पिस्तुलाच्या जागी तेच धरायचं ठरलं होतं. तोवर चोराने टीव्हीची वायर काढली होती, चांदीची भांडी पिशवीत भरली होती आणि आमच्या सगळ्यांसाठी चहा टाकला होता.

"वेळ किती?" परागने धापा टाकत विचारलं.

केदारने स्टॉपवॉचकडे न बघताच उत्तर दिलं. "दाजी, चोराचा दुसरा कप चाललाय."

* * *

आणि मग ते आलं! परवाना मिळाला, पिस्तूल आलं. नव्या खेळाडूला क्लबने सुचवलं ते छोट्या गोळीचं, स्पर्धेचं पिस्तूल. लाकडी मूठ एवढी मोठी, की आत तळहात पुरता बुडतो, वर लांबडी नळी. बेचाळीस ओळींच्या त्या शीटमध्ये ते कुठेच नव्हतं. अप्पा तेव्हा दुसऱ्यांदा आले होते. परागने मोठ्या अभिमानाने त्यांच्यासमोर पेटी उघडली.

अप्पांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "छान आहे. मग पडदे कधी लावतोस?"

"अप्पा, हे ड्रिल मशीन नाहीये!"

आज पराग क्लबचा बरा नेमबाज आहे. गुरुवारी सराव, शनिवारी स्पर्धा. चोराबद्दल बोलत नाही. फ्राऊ केलर त्याला श्वास कसा धरायचा ते शिकवतात. माझ्या डोक्याला ताप झाला तो झालाच!

* * *

एक शेवटचा. हा मी स्वतः डोळ्यांनी पाहिला.

शनिवार, दुपारचे चार. पराग क्लबात, मृणाल बाजारात, घरी अप्पा एकटे. मी ईराला मराठीच्या वर्गातून घरी सोडायला आले. गल्लीत गाडी वळवली, तर समोरून एक माणूस जिवाच्या आकांताने धावत आला. तिशीचा, काळं जाकीट, पाठीला पिशवी, पायात नुसते मोजे! तो गाडीला वळसा घालून निघून गेला.

आणि त्याच्या मागून अप्पा! लेंगा, स्वेटर, कानटोपी, दोन्ही हातांत एकेक बूट.

"अहो! अहो! बूट! बूट राहिले तुमचे! अहो!"

तो आवाज म्हणजे पी. टी.चा तास. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. त्या माणसाने एकदा मागे वळून पाहिलं आणि आणखी जोरात पळाला.

अप्पांना घरात आणून बसवलं, पाणी दिलं. "कोण होते ते, अप्पा?"

"हीटर बघायला माणूस येणार होता ना, तेच आले होते," अप्पा म्हणाले. "मृणालने सांगितलंय, रोज दार उघडून हवा खेळती ठेवा. म्हणून बागेचं दार उघडं ठेवलं होतं. वर डुलकी लागली. खाली आलो, तर हे गृहस्थ हॉलमध्ये उभे. म्हटलं, या, या. पण आधी बूट काढा. काढले बिचाऱ्याने."

"मग?"

"मग सगळे हीटर दाखवले. वरचे, खालचे, संडासातला. एकेक नीट बघितला त्यांनी. मी सांगत होतो, हा गरम होत नाही, हा आवाज करतो. फार सज्जन माणूस. पण सारखं 'या, या' म्हणत होता. मी म्हटलं, या काय? मी घरातच आहे, तुम्हीच बसा. चहा घेतल्याशिवाय मी कुणाला जाऊ देत नाही. बसवलं. दंडाला धरून बसवलं. अर्धा कप घेतला असेल, तेवढ्यात बाहेर कुठलीतरी गाडी वाजली आणि हे एकदम उठून पळालेच!"

शेजाऱ्यांपैकी कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. एक बाई आल्या, करड्या चेहऱ्याच्या. टेबलावर अर्धा कप, टेबलाखाली त्रेचाळीस नंबरचे बूट. त्यांनी वही काढली.

"शेजारी म्हणतात, एक वृद्ध गृहस्थ त्या व्यक्तीच्या मागे ओरडत धावत होते. त्यांना विचारा, त्यांनी त्या व्यक्तीला धमकी दिली का?"

मी विचारलं. अप्पा खुर्चीतून ताडकन उठले.

"धमकी? त्यांना सांग, मी शेवटपर्यंत अहोजाहो केलंय!"